नाशिकहून नेपाळ-बांगलादेशला रीफर गाडीने थंड आणि फ्रोझन माल कसा पाठवायचा: पहिल्या फोनपासून शेवटच्या पेटीपर्यंत

रीफर म्हणजे कूलिंगचं यंत्र बसवलेली बंद गाडी. तिच्यासाठी मला पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा भाड्यासाठीच, नाशिक ते रक्सौल (बिहारमधली नेपाळची बॉर्डर) किती घेणार, पेट्रापोलचं (पश्चिम बंगालमधली बांगलादेशची बॉर्डर) किती. मी उलट विचारते की माल कोणता आहे, आत्ता या क्षणी तो किती तापमानाला आहे, आणि बॉर्डरवर गाडी दोन दिवस उभी राहिली तर तुमची काय तयारी आहे. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस गप्प होतो. पिंपळगावच्या बाजूला कोल्ड स्टोरेजमधून माल रवाना करायचं काम इतकी वर्षं करतेय, त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय, गाडी पळत असताना माल सहसा जात नाही, गाडी उभी असताना जातो. ढाब्यावर, वजनकाट्यावर, बॉर्डरच्या पार्किंगमध्ये, कागदातल्या एका स्पेलिंगपायी. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या उभ्या राहण्याच्या वेळेची तयारी आहे असं समजून वाचा.

मी नेपाळचा रस्ता जास्त सविस्तर सांगणार आहे कारण तिथे आपल्याकडून फ्रोझन मटार, बटर, चीज, द्राक्ष असं सगळं जातं, आणि बांगलादेशचं जिथे वेगळं आहे तिथे तेवढं सांगेन.

आधी मालाचं तापमान, मग गाडी

थंड आणि फ्रोझन हे दोन वेगळे धंदे आहेत. फ्रोझन म्हणजे उणे १८ अंश किंवा त्याखाली, आईस्क्रीमला अजून खाली ठेवलेलं बरं. पनीर, दही, चीज असला थंड माल ० ते ४ मध्ये. फळांचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं आणि इथेच लोक फसतात. द्राक्षाला ० ते १ अंश आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, नाहीतर मणी टवटवीत दिसत असतानाच देठ सुकून तपकिरी होतो आणि समोरचा व्यापारी पहिल्यांदा देठच बघतो. डाळिंबाला ५ ते ७, त्याच्या खाली फार दिवस ठेवलं तर साल तपकिरी पडते. केळ्याला १३-१४, त्याखाली गेलं की साल काळपट पडते आणि मग ते नीट पिकतच नाही. म्हणजे "एसी गाडी आहे, सगळं एकत्र टाका" हे चालत नाही. मधे पार्टिशन असलेल्या दोन तापमानाच्या गाड्या मिळतात, पण पार्टिशनची कड नीट बसते का ते आधी बघून घ्या.

अजून एक, द्राक्षाच्या पेटीत जो ग्रेप गार्ड पॅड टाकतो त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षाला तो बुरशीपासून वाचवतो पण शेजारी दुसरं फळ किंवा भाजी असली तर तिच्यावर डाग पडतात. त्यामुळे द्राक्षाची गाडी द्राक्षाचीच ठेवा. आणि आदल्या फेरीला गाडीत कांदा किंवा मासळी असेल तर नुसतं पाणी मारून वास जात नाही, बटर आणि पनीर तो वास ओढून घेतात, गाडी आत शिरून हुंगून बघायची, त्यात लाजायचं काही नाही.

गाडी बघताना

गाडीचं कूलिंग दोन प्रकारचं असतं आणि भाडं ठरवायच्या आधी हाच प्रश्न विचारायचा. एकात कॉम्प्रेसर गाडीच्या इंजिनवर चालतो, म्हणजे इंजिन बंद झालं की कूलिंग बंद. दुसऱ्यात युनिटला, म्हणजे कूलिंगच्या यंत्राला, स्वतःचं वेगळं डिझेल इंजिन असतं, गाडी बंद असली तरी ते चालू राहतं. पुणे-मुंबई फेरीला पहिला प्रकार पुरतो, पण बॉर्डरला जायचं असेल तर मी दुसराच घेते, कारण रांगेत दोन दिवस मुख्य इंजिन चालू ठेवून कुठलाच ड्रायव्हर बसत नाही आणि बसावं अशी अपेक्षा पण करू नये. नाइलाजाने पहिल्या प्रकारची गाडी घ्यावी लागली तर तिला बाहेरच्या विजेवर चालायची सोय आहे का, वायर आणि प्लग सोबत आहे का, आणि जिथे थांबणार तिथे तो प्लग लागणार आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. एकाचं उत्तर हो आलं म्हणून बाकीची हो धरू नका.

युरोपात १९७० च्या एटीपी करारामुळे बॉर्डर ओलांडणाऱ्या रीफर गाडीच्या बॉडीची चाचणी होते आणि तिला तसा दाखला मिळतो. आपण त्या करारात नाही, त्यामुळे बॉडी तपासायचं काम आपलंच. फ्रोझनसाठी भिंतीतला पफ (उष्णता अडवणारा फोम) जाड हवा, चार इंचाच्या आसपास, नुसत्या थंड मालाची पातळ भिंतीची गाडी मे महिन्यात बुंदेलखंडातून जाताना उणे १८ धरू शकत नाही. एक माणूस आत उभा करा, बाहेरून दरवाजा लावा, आत उजेडाची रेघ दिसली तर तिथून गार हवा जाणार (बाहेरच्या माणसाने कडीला हात लावून तिथेच उभं राहायचं, ही सूचना मी प्रत्येक वेळी मोठ्याने देते). मग दरवाजाच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि ओढून बघायची, सहज निघाली तर रबर गेलंय. फरशीच्या ड्रेनची टोपणं पण बघा, ती हरवलेली असली तर वाटेतली गरम हवा खालून आत येत राहते.

विम्याचं इथेच उरकून घ्या. गाडीचा नेहमीचा विमा भारतापुरता असतो, नेपाळ, भूतान, बांगलादेशसाठी ज्यादा प्रीमियम भरून क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. मालाचा विमा वेगळा, आणि त्यात युनिट बिघडल्यामुळे झालेलं नुकसान धरलंय का ते वाचा. फ्रोझन फूडच्या नेहमीच्या क्लॉजमध्ये मशिन सलग किमान २४ तास बंद राहिलं तरच भरपाई अशी अट असते. आईस्क्रीम २४ तास कशाला थांबतंय. एजंटला ती ओळ दाखवून कमी तासांची अट मिळते का ते विचारा, आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

कागद आठ-दहा दिवस आधी सुरू करा

आधी कायमचे कागद. डीजीएफटीचा (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, एफएसएसएआयचं खाद्यपदार्थाचं लायसन्स, फळं-भाज्या-दूध-मांसासाठी अपेडाची नोंदणी आणि मासळीसाठी एमपीडाची (दोन्ही सरकारी निर्यात संस्था), जीएसटीचं एलयूटी म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, आणि ज्या लँड कस्टम्स स्टेशनवरून (रस्त्याच्या बॉर्डरवरचं कस्टम ऑफिस) माल जाणार तिथे बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा नंबर) रजिस्टर केलेला. हा एडी कोड लोक विसरतात, कारण न्हावा शेवाला तो आधीच झालेला असतो आणि वाटतं की झालं. रक्सौलचं वेगळं, पेट्रापोलचं वेगळं.

मग त्या खेपेचे कागद. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, एलआर म्हणजे आपली बिल्टी, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. फळं-भाजी असेल तर प्लांट क्वारंटाइन खात्याचं फायटो सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नाही असा दाखला), दूध किंवा मांसाचा पदार्थ असेल तर आरोग्य प्रमाणपत्र. नेपाळला फळ पाठवताना तिथल्या आयातदाराने आधी त्यांच्या प्लांट क्वारंटाइनची परवानगी काढलेली हवी आणि तो नंबर आपल्या हातात आल्याशिवाय इथे तोडणी सुरू करू नका. जहाजाच्या मालाला शिपिंग बिल असतं तसं रस्त्याने जाणाऱ्या मालाला कायद्यात बिल ऑफ एक्स्पोर्ट म्हणतात, ते गाडी पोचायच्या आधीच कस्टम ब्रोकरकडून ऑनलाइन भरून ठेवता येतं आणि ठेवायचंच.

ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याची गंमत अशी की ताज्या द्राक्षाला ते लागत नाही पण फ्रोझन मटार, बटर, आईस्क्रीमला लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते. नाशिकहून इंदूर, झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर करत बॉर्डर साधारण सोळाशे-सतराशे किलोमीटर पडते म्हणजे आठ-नऊ दिवस मिळतात, एरवी पुरतात, पण बॉर्डरच्या अलीकडे गाडी अडकली तर मुदत संपायच्या आठ तास आधी ते संपल्यावर आठ तास एवढ्यातच वाढवता येतं, तो वेळ फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून दोन माणसांनी मोठ्याने वाचायचे. आयातदाराचं नाव, पत्ता, पेट्यांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन, गाडी नंबर, सील नंबर. माझ्या सुरुवातीच्या वर्षात एका गाडीच्या फायटोवर आयातदाराच्या नावात "ट्रेडर्स" होतं आणि इनव्हॉइसवर "ट्रेडिंग". एवढंच. द्राक्ष होती, मार्चचा शेवट, पलीकडच्या क्वारंटाइनने बरोबरच अडवली, दुरुस्तीचा कागद इथून निघून तिथे मान्य होईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. माल विकला गेला पण देठ सुकले होते आणि भाव पडून मिळाला, शेतकऱ्याला तो आकडा फोनवर सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही. तेव्हापासून वाचून दाखवल्याशिवाय गाडीला सील लागत नाही.

पैशाचं नेपाळच्या बाबतीत सोपं आहे, बिल भारतीय रुपयात करता येतं, आणि १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे त्यामुळे विनिमय दराची धाकधूक नाही. बांगलादेशला मात्र डॉलरची एलसी (आयातदाराच्या बँकेची पैशाची लेखी हमी) बघावी लागते आणि ती उघडल्याशिवाय गाडी हलवू नका.

गार करणं गाडीचं काम नाही

हे वाक्य आमच्या शेडच्या भिंतीवर लिहिलंय. रीफर युनिट माल गार ठेवतं, गार करत नाही. बागेतून दुपारी आलेली २८ अंशाची द्राक्षं गाडीत टाकून सेट पॉइंट (युनिटवर लावायचं तापमान) ० लावला तर बाहेरच्या पेट्या गार होतील आणि मधल्या पेट्या झाशीपर्यंत कोमटच राहतील, त्यांच्यावर पाणी सुटेल आणि बुरशी धरेल. तोडणी सकाळी लवकर, तिथून थेट प्रीकूलिंगला, जोराची गार हवा पेट्यांमधून ओढून सहा-आठ तासात मण्याच्या आतलं तापमान दोनच्या आसपास आणायचं, मग कोल्ड रूम, मग गाडी. फ्रोझन मालाचं पण तेच, कारखान्यातून उणे १२ ला आलेला मटार गाडी उणे १८ ला नेईल यावर विसंबू नका.

गाडीची बॉडी पण आधी गार करून घ्या, दीड-दोन तास युनिट दार लावून चालवा. भरणी सुरू झाली आणि शेडला दरवाजाभोवती बसणारा पडदा नसेल तर मात्र युनिट बंद ठेवायचं. लोकांना हे उलटं वाटतं. दार उघडं ठेवून युनिट चालवलं की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि मग प्रवासाच्या पहिल्याच तासाला कूलिंग मिळत नाही. माल कोल्ड रूममधून थोडा थोडा काढा, अख्खा लॉट बाहेर रचून हमाल जेवायला गेले असं होऊ देऊ नका.

प्रत्येक वेळी सात-आठ पेट्यांचं तापमान प्रोबने (टोचायच्या थर्मामीटरने) मोजून लिहा. फळात टोचून आतलं, फ्रोझनमध्ये दोन पेट्यांच्या मधे दाबून धरून. आकडा, वेळ, पेटी कुठली, फोटो. पुढे वाद झाला तर हाच फोटो उपयोगी पडतो.

रचाईचं असं की गार हवा बहुतेक गाड्यांत पुढून छताखालून मागे जाते, दरवाजाशी खाली वळते आणि फरशीवरून परत पुढे येते. तो फेरा तुटला की युनिट कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. म्हणून छताखालच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नको, मागच्या दारापाशी हात जाईल एवढी जागा, पुढच्या भिंतीवर हवा परत घेणाऱ्या जाळीसमोर मोकळं, फरशीवर पॅलेट किंवा खाचा. फळं श्वास घेतात, स्वतःची उष्णता सोडतात, त्यामुळे हवा पेट्यांच्या मधून जायला हवी आणि पेट्यांची भोकं एकावर एक जुळायला हवीत. फ्रोझन मालात तसं नाही, तो घट्ट एकत्र रचायचा आणि हवा त्याच्या चारी बाजूंनी फिरू द्यायची. व्यापारी म्हणतो अजून चाळीस पेट्या बसतात की वर. बसतात, पण त्या चाळीस पेट्यांपायी मागच्या दोनशे जातात.

सेटिंग आणि लॉगर

सेट पॉइंट तोंडी सांगू नका. बिल्टीवर लिहा, ड्रायव्हरला व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि गाडी निघायच्या आधी डिस्प्लेचा फोटो घ्या. उणे चिन्ह आहे की नाही, सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, दोन्ही बघा. द्राक्षाला चुकून उणे ५ लागलं तर मणी गोठतात आणि सुटल्यावर नुसतं पाणी. युनिट सलग चालवायचं की चालू-बंद होत राहणाऱ्या मोडवर ठेवायचं हे पण लिहा. फळांना आणि दुधाच्या मालाला सलग, कारण हवा फिरत राहायला हवी, फ्रोझनला चालू-बंद मोड चालतो आणि त्यात डिझेल वाचतं.

लॉगर (तापमान सतत नोंदवत राहणारं छोटं यंत्र) किमान दोन, एक मधे आणि एक दरवाजाजवळच्या पेटीत. युनिटच्या तोंडाशी ठेवलेला लॉगर सगळं छानच दाखवतो, त्याचा उपयोग नाही. सुरू केलाय का ते दोनदा बघा, बटन न दाबलेला लॉगर बाराशे मैल जाऊन कोरा परत आलेला मी पाहिलाय.

एका फ्रोझन मटाराच्या गाडीचं सांगते. पलीकडे माल उतरवला तर पिशव्यांमधले दाणे सुटे नव्हते, एकमेकांना चिकटून गोळा झाला होता, आणि तापमान मोजलं तर उणे १८ बरोबर. ट्रान्सपोर्टर म्हणे तापमान तर ठीक आहे, माल असाच भरला असणार. लॉगर काढला तेव्हा कळलं की दोन रात्री युनिट सहा-सहा तास बंद होतं, तापमान शून्याच्या वर गेलं होतं, सकाळी परत चालू केलं आणि माल परत गोठला. डिझेल वाचवायला. राग ड्रायव्हरवर काढून उपयोग नव्हता, त्याला ठोक रकमेत डिझेल दिलं होतं आणि वाचेल ते त्याचं असं ठरलं होतं, मग तो वाचवणारच. आता मी युनिटचं डिझेल भाड्यातून वेगळं काढते, युनिट तासाला साधारण दोन ते चार लिटर पितं, ऊन आणि मॉडेलप्रमाणे कमीजास्त, तासमीटर बघून त्याप्रमाणे पैसे, शिवाय लॉगर साफ निघाला तर ड्रायव्हरला वर बक्षीस. तेव्हापासून रात्री युनिट बंद व्हायचं जवळपास थांबलं.

कॅलेंडर हातात धरून निघायचं

नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी, आपल्याकडे रविवार, बांगलादेशात शुक्रवार-शनिवार. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी रक्सौलला पोचलेली गाडी सोमवारपर्यंत तिथेच समजा. मी गाडी अशी सोडते की रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे पोचेल आणि पुढे सलग कामाचे दिवस मिळतील. दशैं, तिहार, छठ हे सण लागोपाठ येतात, त्या पंधरा-वीस दिवसात फ्रोझन मालाची मागणी खूप असते पण भन्सार (तिकडे कस्टम्सला भन्सार म्हणतात) किती दिवस बंद, ते आयातदाराकडून तारखेसकट लिहून घ्या. बांगलादेशला ईदच्या आधी-नंतर तसंच. आणि नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, ऑफिस बंद व्हायच्या वेळेला ती पंधरा मिनिटंच नडतात.

पावसाळ्यात बीरगंजहून (रक्सौलच्या पलीकडचं नेपाळी शहर) काठमांडूला जाताना नारायणगढ ते मुग्लिन हा पट्टा दरडींचा आहे, रस्ता तासन्‌तास, कधी दिवसभर बंद होतो. जून ते सप्टेंबर मी युनिटला लागणाऱ्या डिझेलचा हिशोब दीडपट धरते. आणि राजकारणाने बॉर्डर बंद होते तेव्हा तर काहीच हातात नसतं. सप्टेंबर २०१५ पासून फेब्रुवारी २०१६ पर्यंत रक्सौल-बीरगंजचा रस्ता अडला होता, गाड्यांच्या रांगा मैलोन्‌मैल. म्हणून माल निघतानाच दुसरी बॉर्डर आणि भारतातलाच दुसरा गिऱ्हाईक ठरवून ठेवा. गोरखपूरला रस्ता फुटतो, एक सुनौलीकडे (तीही नेपाळचीच बॉर्डर), एक रक्सौलकडे. गाडी गोरखपूरच्या अलीकडे असतानाच बॉर्डरची खबर घ्या म्हणजे वळता येतं. पण एडी कोड आणि बिल ऑफ एक्स्पोर्ट एका ठिकाणचं असेल तर वळून उपयोग नाही, म्हणून नेहमीच्या मालासाठी दोन्हीकडे नोंदणी करून ठेवा.

दोन ड्रायव्हर घ्या. एकाच माणसाला सतराशे किलोमीटर हाकायला लावून वर रात्री युनिट बघायला सांगणं हे माणुसकीला धरून नाही. त्यांच्यासोबत फोटो असलेलं ओळखपत्र, बॉर्डरवरच्या आपल्या ब्रोकरचा आणि पलीकडच्या एजंटचा नंबर, आणि खर्चाला रोख पैसे हवेत.

बॉर्डरवर

रक्सौलला एकात्मिक चेकपोस्ट २०१६ पासून आहे, पलीकडे बीरगंजचं २०१८ मध्ये सुरू झालं. गाडी आत येते, वजन होतं, कागद, तपासणी, मग एक्स्पोर्टची परवानगी, एसएसबीची (नेपाळ बॉर्डरवरचं आपलं सुरक्षा दल) तपासणी, आणि पलीकडे. नेपाळच्या बाजूला एजंट प्रज्ञापन पत्र (तिकडचं आयातीचं घोषणापत्र) भरतो, भारतीय गाडीला नेपाळमध्ये राहायचे जितके दिवस तितक्या दिवसांचं शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. दिवस थोडे जास्तच घ्या, मुदत संपलेली गाडी दंडाला पात्र होते. बऱ्याच गाड्या सरळ काठमांडूला कालीमाटी बाजारापर्यंत जातात, काही आयातदार बीरगंजलाच नेपाळी गाडीत माल बदलतात, हे भाडं ठरवतानाच विचारायचं.

तपासणीला दार उघडावं लागणार हे धरूनच भरणी करा. जेवढ्या प्रकारचा माल तेवढ्या प्रकारची एक-दोन पेटी दाराशी ठेवा, वर "नमुना" लिहा, आतल्या रचाईचा नकाशा दाराच्या आतून चिकटवा, दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावा. अधिकाऱ्याला नम्रपणे सांगितलं की साहेब नमुना दाराशीच आहे, तर बहुतेक जण ऐकतात, पण त्याने आतली पेटी मागितली तर ती द्यायची, वाद घालत दार उघडं ठेवण्यापेक्षा ते लवकर होतं. दार उघडायच्या आधी युनिट बंद, लावल्यावर चालू, आणि चालू केलं की नाही त्याचा फोटो ड्रायव्हरने पाठवायचा. सील तुटलं तर नवा नंबर कागदावर लिहून सही घ्या.

पलीकडे खाद्यपदार्थाचा नमुना तपासायला घेतात. जून २०१९ मध्ये नेपाळने फळं-भाज्यांत कीटकनाशकाचे अंश तपासणं बॉर्डरवर सक्तीचं केलं, तेवढ्या प्रयोगशाळाच तिथे नव्हत्या, भाजीच्या गाड्या अडकून पडल्या, जुलैमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. नियम एका रात्रीत असा बदलतो. त्यामुळे कीटकनाशक अंशांचा आपला इथला तपासणी अहवाल सोबत असू द्या, कोणी मागितला नाही तरी.

पेट्रापोलचं वेगळं काय

बांगलादेशला गाडी ढाक्यापर्यंत जात नाही, पेट्रापोलच्या पलीकडे बेनापोलच्या यार्डात माल बांगलादेशी गाडीत बदलतो. शिवाय पश्चिम बंगाल सरकारच्या सुविधा पोर्टलवर गाडीचा स्लॉट आधी बुक करावा लागतो, तो न करता गेलेली गाडी बनगावच्या आसपास उभी राहते. नाशिकहून अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे पोचेपर्यंतच माल चार-पाच दिवस जुना झालेला असतो आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

माल बदलायची वेळ पहाटेची किंवा रात्रीची मागा. पलीकडची गाडी आधी गार करून ठेवली आहे का ते फोटो मागून खात्री करा, दोन्ही गाड्यांची दारं समोरासमोर भिडवा, मधल्या फटीवर ताडपत्री टाका, आणि एक गाडी एका दमात रिकामी करा. पलीकडची गाडी रीफर नसून ताडपत्रीची असेल, जे द्राक्षाच्या बाबतीत पुष्कळदा होतं, तर आपण ० अंशाला नेलेल्या पेट्यांवर बंगालच्या दमट हवेत लगेच घाम सुटतो आणि ओल्या मण्यावर बुरशी धरते. अशा वेळी मी शेवटच्या काही तासात सेट पॉइंट हळूहळू आठ-दहापर्यंत वर नेते, आयातदाराला विचारून आणि लिहून. त्याने आयुष्य थोडं कमी होतं पण पेटी कोरडी राहते.

याच बॉर्डरवर दुर्गापूजेच्या सुमारास पद्मा नदीची हिलसा मासळी उलट दिशेने भारतात येते, थर्माकोलच्या पेट्यांत बर्फ घालून. ताजी मासळी पाठवणाऱ्यांनी ती बांधणी लक्षात ठेवावी, खाली बर्फ, वर बर्फ, मधे मासळी, आणि वितळलेलं पाणी निघून जायला वाट, मासळी स्वतःच्याच पाण्यात बुडून राहिली तर बर्फ असूनही मऊ पडते.

वाटेत युनिट बंद पडलं तर

पहिलं काम, दार उघडायचं नाही. बघायला म्हणून पण नाही. पूर्ण भरलेली फ्रोझन गाडी दार बंद ठेवलं तर बराच वेळ धरते, थंड फळांची त्याहून कमी. गाडी सावलीत लावा, मेकॅनिकला फोन करा, आणि त्याच वेळी जवळचं कोल्ड स्टोरेज शोधायला दुसरा माणूस लावा, मेकॅनिक काय म्हणतो त्याची वाट बघत बसू नका. इंदूर, कानपूर, लखनौ, गोरखपूर या चार ठिकाणच्या कोल्ड स्टोरेजचे आणि युनिट दुरुस्तीवाल्यांचे नंबर निघायच्या आधीच बिल्टीच्या मागे लिहिलेले असावेत. ड्राय आइस मिळाला तर फ्रोझनला उपयोगी, पण तो उणे ७८ अंशाचा असतो, उघड्या हाताने धरायचा नाही, आणि त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरतो, त्यामुळे केबिनमध्ये कधीच ठेवू नका आणि बॉडीत लगेच वाकून शिरू नका, आधी दार उघडं टाकून हवा जाऊ द्या.

माल वितळलाच असेल तर परत गोठवून पुढे पाठवायचा नाही. मांस, मासळी, आईस्क्रीमच्या बाबतीत यात चर्चा नाही, कुणाच्या तरी घरचं लेकरू ते खाणार आहे.

माल पोचल्यावर

आयातदाराने दार उघडायच्या आधी डिस्प्लेचा फोटो, सील नंबरचा फोटो, मग दाराशी, मधे आणि पुढे अशा तीन ठिकाणी प्रोबने तापमान. आकडे बिल्टीच्या प्रतीवर लिहून दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ. खराबी असली तर किती पेट्या, कुठल्या रांगेतल्या, तेही तिथेच लिहायचं, "माल खराब" एवढ्या दोन शब्दांवर विमा कंपनी काही देत नाही. दाराजवळच्याच पेट्या खराब असतील तर दोष बहुधा दार उघडण्याचा किंवा रबराचा, वरच्या थरातल्या असतील तर रचाई लाल रेषेच्या वर गेली होती, मधल्याच असतील तर प्रीकूलिंग अर्धवट झालं होतं, आणि सगळीकडे सारखीच खराबी असेल तर युनिट किंवा सेटिंग. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा आणि सर्वेअर येईपर्यंत खराब माल फेकू नका.

लॉगर ड्रायव्हरच्या हातीच परत मागवा, कुरियरने नको. तो परत आल्यावर मी आलेख काढून त्यावर पेनाने खुणा करते, इथे ढाबा, इथे वजनकाटा, इथे कस्टमची तपासणी, आणि ते दोन्ही ड्रायव्हरना समोर बसवून दाखवते. पुढच्या फेरीला गाडी कुठे थांबवायची आणि कुठे नाही ते मग तेच सांगतात.